बँडच्या नावात वाघ घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरातले पाच इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, मराठी-हिंदी स्वतःची गाणी करतात, गॅदरिंगच्या आधी बँडचं नाव ठरवायचंय. नावात प्राणी हवा यावर बहुतेकांचं जुळलंय, कोणता यावर नाही. दोघांना 'टायगर' हवा, कारण नागपूर. एकाला 'ब्लॅक पँथर', एकाला 'घुबड'. पाचव्याचं म्हणणं, प्राण्यांची नावं बीटल्सच्या जमान्यातली, आता जुनाट वाटतात. आणि शेवटी विचारलंय की नाव 'कॉपीराइट' करून ठेवता येतं का.

मी साउंडवाला. कॉलेजच्या गॅदरिंगपासून गणेश मंडळांपर्यंत आणि देशपांडे सभागृहापासून लॉनवरच्या रिसेप्शनपर्यंत मिक्सरमागे बसून बँड येता-जाता बघत आलोय. त्यामुळे नाव सुंदर आहे की नाही हे मी फारसं बघत नाही. निवेदकाने एकदा नाव घेतलं तर मागच्या रांगेतल्या पोराला ते कळलं का, घरी जाऊन त्याने मोबाइलवर शोधलं तर तुम्हीच सापडलात का, आणि तुमच्यातले दोघं उद्या पुण्याला नोकरीला गेले तर नाव कोणाकडे राहणार, एवढंच मी बघतो. तुमचं भांडण प्राण्यावरून चाललंय, पण अडचणी या तीन आहेत. प्राणी कुठलाही घ्या, त्या सुटायला हव्यात.

आधी पाचव्या मित्राचं. जुनाट म्हणावं अशी प्राण्यांची नावं कधी बंदच पडलेली नाहीत. १९५७ मध्ये अमेरिकन गायक बडी हॉलीचे क्रिकेट्स गाजले, म्हणजे रातकिडे. त्यांच्यावर जीव असलेल्या लिव्हरपूलच्या पोरांनी १९६० मध्ये स्वतःसाठी भुंगेरा निवडला आणि ते बीटल्स झाले. मग अ‍ॅनिमल्स, बर्ड्स, मंकीज, टर्टल्स अशी रांगच लागली. सत्तरच्या दशकात ईगल्स. जर्मनीतल्या हॅनोव्हरचे स्कॉर्पियन्स १९६५ पासूनचे. पुढे डेफ लेपर्ड, व्हाइटस्नेक, १९९८ मध्ये गोरिलाज, आणि २००२ मध्ये शेफील्डचे आर्क्टिक मंकीज. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात याच माकडांनी त्या भुंगेऱ्यांचं एक गाणं म्हटलं होतं. तेव्हा प्राणी जुना झाला हा मुद्दा सोडून द्या.

आता या यादीकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. यात वाघ-सिंह किती आहेत? रातकिडा, भुंगेरा, कासव, माकड, पाखरू, विंचू. दरारा बसावा म्हणून निवडलेली नावं थोडीच. अमेरिकेत आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम ईगल्सचा आहे, १९७१ ते १९७५ मधल्या त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह. २०१८ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला मागे टाकलं. त्यांच्या नावात गरुड आहे खरा, पण गाणी म्हणाल तर चार-पाच गळ्यांची मऊ हार्मनी. नावात डरकाळी आहे म्हणून गाणं चाललं असं कुठे दिसत नाही. उलटं मात्र मी इथे होताना पाहिलंय. डरकाळीचं नाव घेऊन पोरं स्टेजवर येतात, प्रेक्षक धडाड्याची वाट बघतात, आणि समोर अकूस्टिक गिटारवर पावसाचं गाणं सुरू होतं. गाणं चांगलं असतं हो, पण पहिली दोन मिनिटं लोक गोंधळलेले असतात, आणि गॅदरिंगमध्ये दोन मिनिटं म्हणजे खूप झाली.

नागपुरात वाघाची अडचण आणखी एक. शहराने स्वतःला 'टायगर कॅपिटल' म्हणवून घेतल्यापासून वाघ सगळीकडे आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, बोर असं सगळं टप्प्यात असल्यामुळे रिसॉर्टला वाघ, ट्रॅव्हल्सला वाघ, जिमला वाघ, क्रिकेटच्या टीमला वाघ. त्या गर्दीत तुमचा बँड म्हणजे आणखी एक पाटी. बाहेरगावी, समजा पुण्यात किंवा इंदूरला, 'नागपूरचे टायगर्स' कदाचित शोभेल. इथे ते ओळख म्हणून उरत नाही. शिवाय 'द' लावून देवनागरीत छापलंत की फ्लेक्सवाला हमखास 'दि' करतो, आणि 'दि नागपूर टायगर्स' हे एखाद्या सहकारी बँकेच्या शाखेसारखं दिसतं. ईगल्सच्या ग्लेन फ्रायने तर आयुष्यभर सांगितलं की नाव नुसतं 'ईगल्स' आहे, पुढे 'द' नाही. लोक तरी लावतातच. तुम्ही तो 'द' आधीच टाळा.

ब्लॅक पँथरबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. तुमच्या मित्राच्या डोक्यात बहुधा सिनेमा असेल. पण महाराष्ट्रात पँथर म्हटलं की १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर आठवते, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांची. तिचं नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून आलं. नागपूरसारख्या शहरात हे नाव घेऊन स्टेजवर गेलात तर लोक विचारतील, आणि विचारणं बरोबरच आहे, की तुमचं त्या वारशाशी नातं काय. नातं असेल, गाणी तशी असतील, तर नाव अभिमानाने घ्या. काळा रंग टी-शर्टवर भारी दिसतो एवढंच कारण असेल तर नको. नागाचंही तसंच. नाग नदी, नागपूर, म्हणून 'नाग' किंवा 'कोब्रा' सुचेल कोणाला तरी. इथे नाग नुसता साप नाही. एका घरात तो नागपंचमीचा देव आहे. दुसऱ्या घरात १९५६ च्या धम्मदीक्षेशी जोडलेला आहे, कारण बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं हे सांगताना बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा उल्लेख केला होता. आणि हत्ती घेतलात तर तो बसपाचं निवडणूक चिन्ह आहे. आचारसंहितेच्या दिवसांत मोठा हत्ती छापलेला फ्लेक्स लावायला आयोजक कां-कूं करेल. परदेशी बँडला जनावर निवडताना यातलं काही बघावं लागलं नसेल, आपल्याला लागतं.

घुबडाची सूचना मला आवडली, पण तिथे उत्तर परिस्थितीवर आहे. तुम्ही वाजवणार कुठे? कॉलेज फेस्ट, कॅफे, ओपन माइक, तिथे 'घुबड' ऐकून पोरं खुश होतील. पण पैसा जिथे आहे, म्हणजे रिसेप्शन, मंडळाचे कार्यक्रम, सोसायटीची कोजागिरी, तिथे मुलीचा बाप पत्रिकेत किंवा गेटवर घुबड लिहू देणार नाही. 'दुसरं काही नाव नाही का तुमचं?' हे वाक्य मी असल्या नावांच्या बाबतीत आयोजकांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलंय. फक्त स्वतःची गाणी वाजवायची, लग्नं घ्यायची नाहीत, असं पक्कं असेल तर घुबड उत्तम आहे. दोन्ही करायचं असेल तर काही बँड दोन नावं ठेवतात, एक गाण्यांसाठी आणि एक लग्नांसाठी. त्यात कमीपणा काही नाही.

आता नाव घडवायचं कसं. जुन्या मंडळींनी दोन युक्त्या वापरल्या. पहिली स्पेलिंगची. बीटल्सने भुंगेऱ्याच्या स्पेलिंगमध्ये 'बीट' घुसवला, म्हणजे ताल. बर्ड्सनी 'आय'च्या जागी 'वाय' घातला, मंकीजनी शेपूट बदललं, आणि टर्टल्सही तसाच वाकडा 'वाय' लावणार होते, मग सरळ राहिले. डेफ लेपर्डचं मूळ नाव अगदी साधं होतं, बहिरा बिबट्या. पण पंक बँडांची नावं तेव्हा तशीच असायची, त्यांच्यातले वाटू नये म्हणून स्पेलिंग मोडलं. या युक्तीने साधा शब्द तुमचा होतो. पण ती डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही. देवनागरी पोस्टरवर तो वाकडा 'वाय' दिसतच नाही, आणि निवेदकाच्या तोंडून ऐकून ज्याने नाव लक्षात ठेवलं तो सरळ स्पेलिंगच टाइप करणार. तुमचे श्रोते आधी इन्स्टाग्रामवर भेटणार असतील तर स्पेलिंगचा खेळ चालेल. मैदानावर, मंडपात भेटणार असतील तर माझा विरोध आहे.

दुसरी युक्ती दोन शब्दांची, आणि मला विचाराल तर तीच तुमच्या कामाची. नुसतं माकड कोणाचंही असेल, आर्क्टिकमधलं माकड एकाच बँडचं. आर्क्टिकात माकडं नसतात, म्हणून तर ते डोक्यात अडकून बसतं. आयर्न बटरफ्लाय, म्हणजे लोखंडी फुलपाखरू, हेही तसंच. बफेलो स्प्रिंगफील्डची गोष्ट तर मजेशीर आहे. १९६६ मध्ये लॉस एंजेलिसात रस्त्याच्या कामाला आलेला रोड रोलर उभा होता, त्यावर कंपनीची पाटी होती बफेलो-स्प्रिंगफील्ड, आणि तेच नाव पोरांनी उचललं. त्या बँडमध्ये म्हैस-रेडा काही नाही, रोलर आहे. पण ऐकायला कसं दणकट आहे बघा. तुम्हीही एखादी दुपार इतवारीत किंवा कॉटन मार्केटला पाट्या वाचत फिरा. टेबलाभोवती बसून डोकं खाजवण्यापेक्षा बरं निघेल.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर कोलकात्याचं 'मोहिनेर घोडागुली' बघा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर गौतम चट्टोपाध्याय आणि मंडळींनी हा बँड काढला. नावाचा अर्थ 'मोहीनचे घोडे', आणि ते आलंय बंगाली कवी जीवनानंद दास यांच्या कवितेतून. त्या काळात गिटार घेऊन बंगालीत असं काही करणाऱ्यांना फारसं कोणी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात, १९९५ मध्ये जुन्या-नव्या गाण्यांचा संग्रह निघाला तेव्हा नवी पिढी त्यांच्यामागे लागली. त्यांनी 'हॉर्सेस' असं काही नाव घेतलं असतं तर वीस वर्षांनी कोणाला शोधताही आलं नसतं, असं मला वाटतं. आपल्याच भाषेतल्या ओळीतून उचललेलं, दुसऱ्या कोणाला सुचणारच नाही असं नाव त्यांच्याकडे होतं.

म्हणून तुम्हाला सांगेन, वाघ सोडा आणि घराजवळ बघा. तान्ह्या पोळ्याला पोरं सजवून नेतात तो लाकडी बैल घ्या. 'लाकडी बैल' हे बँडचं नाव म्हणून किती छान आहे! नागपूरकराला ऐकताक्षणी हसू येतं, बाहेरच्याला विचारावंसं वाटतं, लोगो आयता तयार, चाकांसकट. नीलगायीला आपल्याकडे रोही म्हणतात, तोही गोड शब्द आहे, पण एकटा चालणार नाही, त्याला सोबत द्यावी लागेल. रात्री ओरडणारी टिटवी, अंगावर काटे घेऊन फिरणारी सायाळ, मोहाची फुलं खायला येणारं अस्वल. 'मोहाचं अस्वल' कोणी घेत असेल तर मी साउंड निम्म्या दरात लावतो. ही माझी आवड झाली. तुमचं संगीत मी ऐकलेलं नाही, त्यामुळे नेमकं नाव सांगणं माझं काम नाही.

चाचणी कशी करायची ते मात्र नक्की सांगतो, कारण हे रोजचं आहे. खुल्या मैदानावर निवेदकाच्या माइकवर एको लावलेला असतो, काढा म्हटलं तरी काढू देत नाहीत, कारण त्यांना आपला आवाज भरदार वाटतो. मागे जनरेटर चालू. त्यात 'व', 'य', 'ह' सारखी मऊ अक्षरं विरघळतात. 'रेव्हन्स' म्हटलं की मागे 'रेहन' ऐकू येतं. 'ब', 'ट', 'क', 'ग' अशी आघाताची अक्षरं टिकतात. बीटल्स, ईगल्स, स्कॉर्पियन्स ही नावं मोठ्याने म्हणून बघा, प्रत्येकात कुठेतरी जीभ आपटते. तुमची दोन-तीन नावं घेऊन फुटाळा तलावावर संध्याकाळी जा, एकाला गाड्यांच्या आवाजात लांब उभं करा, दुसऱ्याने एकदाच नाव ओरडायचं, तिसऱ्याने ऐकणाऱ्याकडून ते लिहून घ्यायचं. जे नाव बरोबर लिहिलं जाईल ते पुढच्या फेरीत. आणि लोक नाव तोडतात हे धरून चाला. ब्रिटिश गायक मार्क बोलनने १९६७ मध्ये टिरॅनोसॉरस रेक्स असं लांबलचक डायनोसॉरचं नाव घेतलं, १९७० मध्ये त्याचं टी. रेक्स केलं आणि यश त्या छोट्या नावालाच आलं. तुमच्या नावाचा तुकडा काय पडेल ते आधीच बोलून बघा. 'काय बे, बैलवाले आले का?' असं कोणी म्हटलं तर तुम्हाला चालणार आहे ना?

दुसरी चाचणी शोधाची. यूट्यूब, स्पॉटिफाय, इन्स्टाग्राम, तिन्हीकडे नाव टाका, देवनागरीत आणि रोमनमध्ये. त्याच नावाचा कोणी कलाकार आधीच असेल तर नाव सोडा, तो ब्राझीलमधला का असेना. कारण एकाच नावाचे दोन कलाकार असले की स्ट्रीमिंगवर कधी कधी दोघांची गाणी एकाच प्रोफाइलमध्ये जाऊन बसतात, आणि तुमच्या पावसाच्या गाण्याखाली कोणाचं तरी डेथ मेटल वाजतं. ते निस्तरायला डिस्ट्रिब्युटरशी, म्हणजे तुमची गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या कंपनीशी, मेलामेली करत बसावं लागतं.

आता कायद्याचं. नाव कॉपीराइट होत नाही. कॉपीराइट गाण्याला, शब्दांना, रेकॉर्डिंगला मिळतो. नावासाठी ट्रेडमार्क असतो, ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली. बँडला लागणारे वर्ग मुख्यतः दोन: कार्यक्रमांसाठी ४१ आणि रेकॉर्डिंगसाठी ९. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीच्या नावाने एका वर्गाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण होतं. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, तो आजच घ्या. नागपुरात सिव्हिल लाइन्सला बौद्धिक संपदेची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे, पण तिथे अर्ज घेऊन जाऊ नका. ती प्रशिक्षणाची जागा आहे. आपली नोंदणी मुंबई कार्यालयाकडे होते आणि सगळं ऑनलाइन आहे. लगेच नोंदणी करायलाच हवी का? पहिलं गाणं यायच्या आधी नाही केली तरी चालेल. वापरात असलेल्या नावाला नोंदणीशिवायही काही संरक्षण मिळतं, फक्त तुम्ही ते कधीपासून वापरताय याचे पुरावे हवेत. म्हणून पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर, बिल, फोटो जपून ठेवा. आणि गाजलेल्या परदेशी बँडचं नाव एखादं अक्षर फिरवून घेऊ नका, ती पळवाट नाही.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नाव पाचांपैकी कोणाचं. टर्टल्स १९७० मध्ये फुटले तेव्हा त्यांच्या दोन मुख्य गायकांना करारामुळे 'टर्टल्स' हे नाव तर वापरता आलं नाहीच, स्वतःच्या खऱ्या नावांनी रेकॉर्ड काढायलाही अडचण झाली. ते 'फ्लो आणि एडी' बनून गात राहिले. अ‍ॅनिमल्सचा मूळ संच १९६६ मध्ये विखुरला. पुढे ड्रमर जॉन स्टीलने ब्रिटनमध्ये नावाचा ट्रेडमार्क मागितला, २००८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने गेला, आणि गायक एरिक बर्डनने अपील करून तो २०१३ मध्ये फिरवला. म्हातारपणी भांडत होते, तेही विशीत ठेवलेल्या नावासाठी.

तुमच्याकडे हे फायनल इयरला येणार. प्लेसमेंट झाली की दोघं पुण्याला, एक बेंगळुरूला, उरलेले दोघं इथे नवा ड्रमर शोधतात. मग एकाच सीझनमध्ये एकाच नावाचे दोन संच फिरायला लागतात. एकदा तर आयोजकाने अ‍ॅडव्हान्स एका संचाला दिला आणि स्टेजवर दुसरा संच हजर झाला. पैशाचं भांडण माझ्या केबलींवर उभं राहून चाललं होतं. हे टाळायला वकील लागत नाही. एका कागदावर लिहा: नाव सगळ्यांचं की गाणी लिहिणाऱ्याचं, कोणी सोडून गेला तर नाव कोणाकडे राहणार, जुनी गाणी कोण वाजवू शकतो. खाली पाचही सह्या. कोण किती लिहितो त्यावर उत्तर बदलेल. एकटाच गाणी करत असेल तर नाव त्याच्याकडे राहावं, सगळे मिळून करत असाल तर निदान तिघं एकत्र असतील तिकडे, असं मी सुचवेन. ईमेल बँडच्या नावाने वेगळा काढा आणि इन्स्टाग्राम, डिस्ट्रिब्युटरचं खातं त्यावरच उघडा. कोणाच्या खाजगी ईमेलवर नको, नाहीतर गिटारवादकासोबत पासवर्डही बेंगळुरूला जातो.

क्रम असा ठेवा: फुटाळ्याची चाचणी, मग ऑनलाइन शोध, मग कागदावर सह्या, आणि नाव ठरलं त्याच दिवशी सगळी खाती. पोस्टर त्यानंतर. आणि फ्लेक्सवाल्याला नाव फोनवर सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवा आणि छापण्याआधी त्याच्याकडून प्रूफ मागा. 'लाकडी बैल'चं 'लाकडी बेल' करायला त्याला एक मात्रा पुरते.